पिंजऱ्याशेजारचे कीटकभक्षी रोप

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींत दारासमोरची गॅलरी म्हणजे बागही आणि पाखरांचे घरही. कठड्यावर तुळस आणि मनीप्लांट, वर टांगलेला बजरीगरचा पिंजरा. (दुकानात यांनाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, खरे लव्हबर्ड वेगळे, आफ्रिकेतले.) आता या कुंड्यांत व्हीनस फ्लायट्रॅपची भर पडते आहे. 'डास खाईल' म्हणून रोप घरी येते आणि मग शंका येते, हे आपल्या पाखराला तर काही करणार नाही ना?

पकडण्यापुरते विचाराल तर नाही. फ्लायट्रॅपचा सापळा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. आतल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागला, की तो मिटतो. बजरीगर ३०-४० ग्रॅम वजनाचा. चोच अडकलीच तर तो ती सहज सोडवेल, वर पानाच्या चिंध्या करील. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, हीदेखील कीटकभक्षीच. तिच्या पानांवरचा चिकट द्रव चिलटांपुरता. पिसांना लागला तर कोमट पाण्याने निघतो.

घटपर्णीची गोष्ट किंचित वेगळी. २०११ मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात एका रोपवाटिकेतल्या मोठ्या घटपर्णीत टिट जातीचा छोटा पक्षी मरून पडलेला आढळला होता. बातमी जगभर गाजली, कारण असे फारच क्वचित घडते. तोही मोकळा रानपक्षी होता. तरी घरात पाखरू मोकळे सोडत असाल, तर मोठे घट असलेले रोप त्या खोलीत नको.

पान कुरतडले तर? फ्लायट्रॅप कुत्र्या-मांजरांसाठी बिनविषारी मानले जाते, त्यामुळे पाखराने एखादा तुकडा तोडला म्हणून घाबरून जायला नको. मात्र या तिन्ही रोपांत प्लंबॅजिन नावाचे झोंबरे द्रव्य असते. आपल्या आयुर्वेदातल्या चित्रकाच्या मुळातले तेच. म्हणून हा रोजचा चारा होऊ देऊ नये.

खरे तर काळजी शेजारच्या मनीप्लांटची करायला हवी. कच्चे अळू घशात खाजते, ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मनीप्लांटच्या आणि डिफेनबेकियाच्या पानांत असतात. एवढ्याशा पाखराचे तोंड आणि घसा त्याने सुजू शकतो. तरीही पिंजऱ्यावर मनीप्लांटचा वेल चढवलेली घरे कितीतरी दिसतात!

दुसरी अडचण कुंडीखालच्या ताटलीची. फ्लायट्रॅपला मुळाशी सतत ओल लागते, म्हणून रोप पाण्याच्या ताटलीत ठेवतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला असेच साठलेले स्वच्छ पाणी लागते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. महापालिकेचे कीटकनाशक खाते पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या तपासते, ते याचसाठी. डास खाणारे रोप आणून डासांची पैदास करायची, यापेक्षा मोठा विनोद नाही. रोप महिनाभरात जेमतेम काही कीटक पचवते. ताटली दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासावी, नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात.

आणि डास वाढले की घरात कॉइल पेटते किंवा फवारा मारला जातो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा आपल्यापेक्षा कितीतरी प्रभावीपणे रक्तात मिसळते, त्यामुळे हा धूर त्यांना फार लवकर बाधतो. रोपांवर मारलेल्या कीटकनाशकाचेही तसेच. नवे रोप पाखराच्या चोचीपासून चार हात दूर टांगावे.

पाखरू चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, शेपटी वर-खाली हलवत असेल किंवा पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसले असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय या भागातल्या सर्वांना जवळ आहे. पाखराला छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवून न्यावे, सोबत कुरतडलेले पानही घ्यावे.