रत्नाचे पैलू, तेज आणि मोल

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. राजराज चोळाने देवाला वाहिलेल्या अलंकारांच्या याद्या तेथे दगडात कोरलेल्या आहेत. त्यांत रत्नांची संख्या व वजन तर आहेच. शिवाय हिऱ्यांच्या कडा गुळगुळीत आहेत काय, माणकांत छिद्रे, खळगे वा पांढरे ठिपके आहेत काय, हेही नमूद केले आहे. केवळ वजनावर रत्नाचे मोल ठरत नाही, ही जाण त्या काळीही होती. या मोलात पैलूंचा वाटा कोणता, ते येथे पाहू.

तंजावरजवळील वल्लम गावचा स्फटिक प्रसिद्ध असून त्यापासून पूर्वी चष्म्यांची भिंगे घडवीत. भिंगातून प्रकाश आरपार जावा लागतो. त्याच स्फटिकाचा दागिन्यातील खडा करावयाचा, तर वरून शिरलेला प्रकाश पुन्हा वरच यावा लागतो. हा फरक केवळ पैलूंच्या कोनांनी घडतो.

स्फटिकाच्या आतून पृष्ठभागाकडे येणारा किरण तेथील लंबाशी सुमारे ४०.४ अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर तो बाहेर न पडता आरशावरून परतावा तसा मागे फिरतो. या मर्यादेस सीमांत कोन म्हणतात. आता असे समजा की, खड्याचा माथा सपाट आहे व तळाचे पैलू त्याच्याशी ४३ अंशांनी कललेले आहेत. सरळ खाली आलेला किरण पहिल्या पैलूच्या लंबाशी ४३ अंशांचा आणि समोरच्या पैलूच्या लंबाशी ५१ अंशांचा कोन करतो. दोन्ही वेळा तो परततो व माथ्यातून डोळ्यांकडे येतो. उतार ३५ अंशांचा ठेवल्यास पहिल्याच पैलूतून प्रकाश निसटतो. ५० अंशांचा ठेवल्यास दुसऱ्या पैलूवर कोन ३० अंशच भरतो व प्रकाश तेथून जातो. म्हणजे उथळ खडा निस्तेज, तसाच फाजील खोल खडाही निस्तेज.

हिऱ्याचा सीमांत कोन अवघा २४.४ अंशांचा असल्याने तो प्रकाश अधिक सहज कोंडून ठेवतो. शिवाय प्रकाशातील रंगही अधिक वेगळे करतो. गोल हिऱ्याच्या तळाचा उतार सुमारे ४०¾ अंशांचा असावा, असे मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने दाखविले.

मग सर्वच रत्ने योग्य कोनांत का घडवीत नाहीत? कारण रत्न कॅरटवर विकले जाते आणि योग्य कोन साधताना पुष्कळ वजन घासून जाते. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा सुमारे ९० कॅरटांचा होता. पुढे लंडनमध्ये व १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुन्हा पैलू पाडल्यावर तो ४३.३८ कॅरट उरला. वजन राखू पाहणारा कारागीर तळ जाड ठेवतो. गिऱ्हाईक मात्र न दिसणाऱ्या वजनाचेही दाम मोजतो.

बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत वर्ख घालण्याची आपली जुनी रीत आहे. तेथे आरशाचे काम वर्ख करतो. ते तेज खड्याचे नव्हे. म्हणून पारदर्शक खडा शक्यतो कोंदणाबाहेर, माथा वर करून छापील कागदावर ठेवावा. मधोमध खालची अक्षरे वाचता आली, तर त्याचा तळ उथळ आहे असे समजावे. मात्र अक्षरे न दिसणे ही उत्तम घडणीची पुरेशी खूण नव्हे. खडा हलवून त्याचा मध्य काळवंडतो काय, हे पाहावे आणि वजनाच्या मानाने वरून तो लहान दिसतो काय, याचीही खात्री करावी.