आठ नंबर, दहा नंबर, बारा नंबर

वेल्डिंगची कांडी दुकानात आजही नंबरानेच मागतात. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, दहा नंबर ३.१५, आठ नंबर ४. हे नंबर जुन्या ब्रिटिश तारगेजाचे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पाकिटांवर मिलिमीटर छापले गेले, बोलण्यात मात्र नंबरच राहिले. पट्टीची जाडी सुतात सांगायची चालही तशीच टिकली. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. दहा नंबरची कांडी आणि एका सुताची पट्टी जवळजवळ सारख्याच जाडीची असल्यामुळे नव्या-जुन्या मापांचा हा घोळ कुणाला फारसा जाचला नाही.

वेल्डरला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत कशी पोचली, याचा मागोवा घेताना आधी पुस्तकं आठवतात. अमेरिकेत यंत्रकामाची ‘मशिनरीज हँडबुक’ १९१४ साली निघाली, तर लिंकन कंपनीचं आर्क वेल्डिंगवरचं हँडबुक १९३३ साली. लेप दिलेली कांडी त्याआधीची. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं होतं. पण हे जाडजूड ग्रंथ आपल्याकडे राहिले ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात. शॉपमध्ये माहिती आली ती उस्तादाच्या तोंडून, १९५० नंतर आयटीआयच्या वर्गांतून आणि कांडीच्या पाकिटावरून. अडवाणी-ओर्लिकॉनसारख्या कंपन्या पन्नाशीच्या दशकात इथेच कांड्या बनवू लागल्या, तेव्हापासून पाकीट हेच गरिबाचं हँडबुक झालं.

त्या पाकिटावरचा आकडा वाचायला अवघड नाही. ई ६०१३ मधले ६० म्हणजे जोडाची ताणशक्ती, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड. १ म्हणजे सपाट, उभं, डोक्यावरचं, कुठल्याही स्थितीत चालणारी. शेवटच्या दोन आकड्यांवरून लेप आणि करंटचा प्रकार कळतो. करंटचा ठोकताळा त्याहून सोपा: व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण चाळीस अ‍ॅम्पियर. म्हणजे दहा नंबरला सव्वाशेच्या आसपास. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नेमका आकडा कळायचाच नाही. हँडल फिरवायचं, आवाज ऐकायचा, कांडी चिकटली की वाढवायचं, पत्रा फाटला की उतरवायचं. इन्व्हर्टर मशिन आलं आणि अ‍ॅम्पियर समोर दिसू लागले. ठोकताळा तेव्हा कुठे पडताळून पाहता आला, आणि तो बराचसा खरा निघाला.

तसंच एक सूत्र म्हणजे सळईच्या वजनाचं. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा मिलिमीटरची सळई: १४४ भागिले १६२, म्हणजे ८८९ ग्रॅम. १६२ कुठून आले हे फॅब्रिकेशनवाल्यांपैकी किती जण सांगतील कोण जाणे, पण पोलादाच्या ७.८५ घनतेतून ते आपोआप पडतात. प्लेटचंही तेच: लांबी-रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५. कागदाच्या चिटोऱ्यावर मावणारी ही दोन सूत्रं अख्ख्या हँडबुकापेक्षा जास्त कामाला आली, असं माझं मत आहे.

पण सगळीच माहिती अशी सुटसुटीत नसते. जिथे नियम पाठ झाला आणि कारण मागे राहिलं, तिथे घात झाला. ‘कांड्या नेहमी भाजून वापराव्यात’ हा असाच एक अर्धवट नियम. ७०१८ च्या लेपाने हवेतलं पाणी ओढलं की जोडात हायड्रोजन शिरतो आणि काम संपल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, वेल्डशेजारी तडा जातो. म्हणून ती तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजायची. ६०१० चा लेप सेल्युलोजचा. त्याला थोडा ओलावा हवाच असतो. ती तशी भाजली की वाया गेली. दोन्ही कांड्या एकाच भट्टीत टाकणारी माणसं आळशी नसतात. त्यांना नियम मिळाला, त्यामागचं कारण मिळालं नाही.

तडे समजून घेण्यासाठी जगाला मोठी किंमत मोजावी लागली. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ‘स्कनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं असतानाच जवळजवळ दुभंगलं. युद्धकाळातल्या अशा जहाजांचा दोष आधी वेल्डिंगच्या माथी आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. रिव्हेटऐवजी अखंड जोड असल्यामुळे तडा थांबायला जागा उरली नाही, इतकंच. कार्बनबरोबर मँगेनीजचा सहावा भाग, क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचा पाचवा, निकेल-तांब्याचा पंधरावा मिळवून पोलाद वेल्डिंगला किती सोसेल याचा अंदाज आज बांधतात. ही बेरीज ०.४ च्या वर गेली की जॉब आधी गरम करायचा विचार करावा. हे गणित गल्लीतल्या ग्रिलवाल्याला लागत नाही, हे खरं. पण तोच ग्रिलवाला उद्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल जोडायला घेतो.

तब्येतीबद्दलची माहिती मात्र सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात वाईट पोचली. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना धूर लागला, ताप भरला, की दूध प्यायचं, ही समजूत अजून आहे. तो ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो, श्रेय दुधाला मिळतं. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली जाहीर केलं. ही गोष्ट कुठल्या शॉपच्या भिंतीवर लिहिलेली दिसत नाही.

आता सगळं मोबाइलवर आहे. तक्ते हवे तेवढे, पण बहुतेक परक्या बाजारातले, आणि हातातल्या कांडीच्या कंपनीचे क्वचितच. तेव्हा पाकीट फाडून फेकण्याआधी त्यावरचे अ‍ॅम्पियर, ध्रुव आणि भाजण्याचं तापमान खडूने मशिनशेजारी लिहून ठेवा, आणि नव्या पोराला आकड्याबरोबर कारणही सांगा.