पंचरंगी सामन्यांचा १९४३-४४ चा हंगाम : संघरचनेच्या तत्त्वाचा एक अभ्यास

कोणत्याही सांघिक खेळाचा हंगाम अभ्यासावयाचा झाल्यास दोन प्रश्न अगोदर सोडवावे लागतात. पहिला, संघ कोणत्या तत्त्वावर बांधले गेले. आणि दुसरा, त्या संघांना एकमेकांशी खेळविण्याची व्यवस्था कोणती होती. धावसंख्या व विजेतेपदे ही या दोन उत्तरांच्या पोटातच येतात. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा १९४३-४४ चा हंगाम फलंदाजीच्या विक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. तथापि त्याचे खरे महत्त्व असे की, संघरचनेच्या एका जुन्या तत्त्वाचे सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता ही दोन्ही त्या एका हंगामात स्पष्टपणे दिसून आली.

तुलनेसाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची व्यवस्था प्रथम पाहणे सोयीचे होईल. तेथे एका प्रदेशातील विद्यापीठे एकत्र येऊन आपला एक संघ, म्हणजे ‘कॉन्फरन्स’, स्थापन करतात. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांची अशी संघटना १८९६ मध्ये अस्तित्वात आली. आग्नेय भागातील संघटना १९३२ च्या डिसेंबरात स्थापन होऊन १९३३ पासून तिचे सामने सुरू झाले. अशा संघटनेतील प्रत्येक विद्यापीठ एका हंगामात आपल्या अनेक सहसदस्यांशी खेळते आणि त्या काळी जयापजयांच्या प्रमाणावरून विजेता ठरे. खेळाडू कोणत्या वंशाचा वा पंथाचा, हा प्रश्न संघटनेच्या घटनेत नसला तरी व्यवहारात होता, हे विसरता येत नाही; दक्षिणेकडील बहुतेक विद्यापीठांचे दरवाजे त्या काळी कृष्णवर्णीयांना बंद होते. परंतु संघाचे नाव मात्र संस्थेचे असे. १९४३ साली महायुद्धामुळे आग्नेय संघटनेच्या १२ सदस्यांपैकी ७ विद्यापीठांनी फुटबॉलचे संघ उतरविलेच नाहीत, आणि उरलेल्यांत जॉर्जिया टेक विजयी ठरले. ज्या संस्थांत नौदलाचे शिक्षणवर्ग होते त्यांना त्या वर्गांतील विद्यार्थी खेळविण्याची मुभा होती. लष्कराच्या वर्गांना ती नव्हती. अर्थात त्या वर्षीचा बलाबलाचा निर्णय पुष्कळसा मैदानाबाहेरच झाला होता.

इंग्लंडमधील परगण्यांची स्पर्धा त्या काळात बंद होती. ऑस्ट्रेलियातील शेफील्ड ढालीचे सामनेही थांबले होते. हिंदुस्थानात मात्र क्रिकेट चालू राहिले. लॉर्ड टेनिसनचा संघ १९३७-३८ मध्ये येऊन गेल्यानंतर १९४५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन सैनिकांचा संघ येईपर्यंत इंग्लंड वा ऑस्ट्रेलियाकडून कोणताही संघ या देशात आला नाही. त्यामुळे येथील उत्तम खेळाडूंची सारी शक्ती देशी स्पर्धांतच खर्च झाली. त्या स्पर्धांत अधिकृत महत्त्व रणजी करंडकाला असले, तरी मुंबईकर प्रेक्षकांच्या गर्दीचे खरे स्थान पंचरंगी सामने हेच होते.

या सामन्यांची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. पारशी आणि युरोपियन यांच्यातील लढती एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आल्याने सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी झाले, आणि १९३७-३८ मध्ये ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ निर्माण होऊन त्यांना पंचरंगी हे नाव मिळाले. त्याच वर्षी नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील आसनांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदूंचा संघ दूर राहिला, हेही नमूद केले पाहिजे. पाच संघांची ही स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एकूण सामने चारच होत : एक प्राथमिक, दोन उपान्त्य आणि एक अंतिम. अमेरिकन संघटनेचा हंगाम आठवडेच्या आठवडे चाले. पंचरंगीचा हंगाम थोड्या दिवसांत संपे. एक पराभव झाला की वर्षभराची वाट पाहणे आले. एकेका सामन्याभोवती जी उत्कंठा साचे, तिचे एक कारण या रचनेतच होते.

संघरचनेचे तत्त्व वरवर सोपे दिसे, परंतु ते तसे नव्हते. हिंदूंच्या संघात पी. बाळू यांच्यासारखा थोर गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आला; त्याला कर्णधारपद कधीच मिळाले नाही, मात्र १९२३ मध्ये त्याचे बंधू पी. विठ्ठल यांना ते मिळाले. म्हणजे ज्या घटकाला एकसंध मानून संघ उभा केला, तो घटक स्वतःच्या आत एकसंध नव्हता. ‘इतर’ या पाचव्या संघाची गोष्ट त्याहून विलक्षण. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू इत्यादी जे चार खणांत बसत नव्हते ते सर्व या पाचव्या खणात. त्यांना एकत्र बांधणारा धर्म नव्हता, प्रांत नव्हता, भाषाही नव्हती. बाकीच्या चारांपैकी कोणी नसणे हेच त्यांचे साम्य होते.

या विभागणीचा अर्थ मुंबईच्या उत्तरेकडील वसई-विरार पट्ट्यात फार स्पष्ट दिसतो. पोर्तुगीजांच्या अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, या भागातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मनवेल हे येथील ख्रिस्ती घरांत आढळणारे नाव पोर्तुगीज ‘मानुएल’चे मराठी वळण आहे, आणि विरारच्या मनवेलपाडा या वस्तीच्या नावातही हाच उच्चार कानी पडतो. याच पट्ट्यात सामवेदी समाजाची कादोडी बोली हिंदू आणि ख्रिस्ती ही दोन्ही कुटुंबे आपापल्या घरी बोलत आली आहेत. बोली एक, शेतीवाडी एकमेकांस लागून, आगगाडीचा मार्ग एक. परंतु या भागातील दोन शेजारी पंचरंगीच्या दर्जाला पोहोचले असते, तर एकाला हिंदूंच्या आणि दुसऱ्याला ‘इतरां’च्या तंबूत जावे लागले असते. तालुक्याच्या वा शाळेच्या संघात मात्र ते एकाच बाजूने खेळले असते. संघरचनेचे तत्त्व बदलले की शेजारी कोण आणि प्रतिस्पर्धी कोण, हेही बदलते.

महात्मा गांधींनी १९४० च्या डिसेंबरात या सामन्यांविरुद्ध मत दिले तेव्हा त्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. महाविद्यालये आणि संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सामन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही काही म्हणणे होते. मैदानावर सर्व धर्मांचे प्रेक्षक शेजारी बसून चांगल्या फटक्याला दाद देतात, तेथे भांडणे होत नाहीत, आणि जिमखान्यांचे उत्पन्न या सामन्यांवर अवलंबून आहे, असे ते म्हणत. हे युक्तिवाद पोकळ नव्हते. १९४२-४३ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वातावरणात स्पर्धा झाली नाही. १९४३ च्या अखेरीस ती पुन्हा भरली तेव्हा गांधीजी पुण्यास आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध होते आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता.

त्या हंगामाचे केंद्र दोन फलंदाज होते. विजय मर्चंट यांचा जन्म मुंबईचा, १९११ चा. विजय हजारे सांगलीचे, जन्म १९१५, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. पहिल्याचे स्थान हिंदूंच्या संघात, दुसऱ्याचे ‘इतरां’त. उपान्त्य सामन्यात मुसलमानांविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला, आणि त्यात मर्चंट २५० धावांवर नाबाद राहिले. हजारे यांचा आकडा दोन धावांनी मागे पडला. उत्तरादाखल ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यात हजारे यांच्या ५९. पुन्हा खेळावयास उतरल्यावर अर्धा संघ लवकरच तंबूत परतला. अशा स्थितीत हजारे आणि त्यांचे बंधू विवेक यांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भर घातली; त्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. डाव ३८७ धावांवर संपला, आणि त्यात हजारे यांच्या एकट्याच्या ३०९ धावा होत्या. हिंदू संघ एक डाव व ६१ धावांनी विजयी झाला.

हे आकडे थोडे उलगडून पाहावेत. ‘इतरां’च्या दोन्ही डावांत मिळून ५२० धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३६८ हजारे यांच्या होत्या. म्हणजे संघाच्या दर दहा धावांतील सात एकाच बॅटमधून आल्या. दुसऱ्या डावात हे प्रमाण जवळजवळ ऐंशी टक्क्यांवर गेले. उरलेले दहा फलंदाज आणि अवांतर धावा यांची बेरीज अवघी ७८. मर्चंट यांच्या २५० धावा मात्र त्यांच्या संघाच्या ५८१ धावांच्या निम्म्याहूनही कमी होत्या. दोन्ही खेळी श्रेष्ठ. परंतु मर्चंट यांच्यामागे एक भरलेला संघ उभा होता, आणि हजारे यांच्यामागे तो नव्हता.

याचे कारण खेळाडूंच्या मेहनतीत शोधण्यापेक्षा संघाच्या घडणीत शोधणे योग्य ठरेल. हिंदूंच्या निवडीचे क्षेत्र सर्व देशभर पसरलेले आणि लोकसंख्येने अफाट. ‘इतरां’चे क्षेत्र विखुरलेले आणि लहान. जी संघटना आपल्या घटकांना संख्येच्या बळावर असे असमान पायावर उभे करते, तिच्यात एखादा असामान्य खेळाडू वैयक्तिक विक्रम करू शकतो, परंतु संघास विजय मिळवून देणे त्याला सहसा साधत नाही. हजारे यांच्या ३०९ धावा ही या विधानाची सर्वांत बोलकी साक्ष आहे. त्रिशतक काढूनही संघ डावाने हरतो, हे दृश्य क्रिकेटच्या इतिहासात विरळ आहे.

त्याच हंगामातील रणजी करंडकाकडे पाहिले म्हणजे वेगळे चित्र दिसते. तेथे संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे. हजारे त्या वेळी बडोद्याकडून खेळत आणि संघातील त्यांचे सोबती सर्व धर्मांचे असत. मर्चंट यांनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध ३५९ नाबाद धावा काढून हजारे यांना पुन्हा मागे टाकले. परंतु त्या वर्षीचा करंडक ना मुंबईला मिळाला ना बडोद्याला. पश्चिम भारताच्या संघाने अंतिम सामन्यात बंगालचा पराभव केला. प्रांतिक तत्त्वावर उभ्या केलेल्या संघाला घडविता येते, हे त्यापूर्वीच महाराष्ट्राने दाखविले होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यांतील पहिल्याच हंगामात पुण्यास हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध ३१६ नाबाद धावा काढल्या होत्या. तेव्हा हेच हजारे एका विजयी संघाचे एक अंग होते.

तिसरे तत्त्व विद्यापीठाचे. १९३५-३६ मध्ये आंतर-विद्यापीठ क्रिकेट स्पर्धा रोहिंटन बारिया करंडकासाठी सुरू झाली, आणि पहिल्या वर्षी पंजाब विद्यापीठाने तो जिंकला. अमेरिकेतील पद्धतीशी या तीन तत्त्वांपैकी सर्वांत जवळचे हेच. धर्म जन्माने मिळतो, प्रांत बहुधा निवासाने मिळतो, विद्यापीठात मात्र प्रवेश घ्यावा लागतो. आणि काही वर्षांनी विद्यार्थी बाहेर पडला की त्याची जागा दुसरा घेतो. अशा संघावरील निष्ठा उत्कट असू शकते, परंतु ती कोणाच्या जन्माशी जखडलेली नसते. मैदानावरील पराभव समाजाच्या मानापमानापर्यंत जाऊन पोहोचत नाही, याची ही एक नैसर्गिक तरतूद होय.

पंचरंगी सामने त्यानंतर दोनच हंगाम चालले. १९४४-४५ मध्ये मुसलमानांनी हिंदूंचा अंतिम सामन्यात एका गड्याने पराभव केला. १९४५-४६ मध्ये हिंदू विजयी झाले आणि स्पर्धा कायमची थांबली. १९४४-४५ सारखा अटीतटीचा सामना शांतपणे पार पडला, ही गोष्ट स्पर्धेच्या समर्थकांच्या बाजूने जाते. परंतु मैदानाबाहेरचे वातावरण झपाट्याने बदलत होते, आणि मैदानावरील सौजन्याच्या आधाराने एखादी रचना टिकविणे त्यात शक्य राहिले नाही. मर्चंट यांचा ३५९ चा विक्रम १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यास महाराष्ट्राकडून ४४३ नाबाद धावा काढून मागे टाकला. हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते. ‘इतर’ या नावाच्या संघाचा फलंदाज आता सर्वांच्या संघाचा नायक होता.

२०१३ च्या नोव्हेंबरात हॅरिस ढालीच्या शालेय सामन्यात विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉ या मुलाने ५४६ धावा काढल्या. त्याच्या बातमीत शाळेचे नाव आले, गावाचे नाव आले, रोजच्या लांबच्या लोकल प्रवासाचाही उल्लेख आला. १९४३ मध्ये ज्या खणाची चौकशी सर्वांत आधी झाली असती, तो खणच स्पर्धेच्या रचनेत आता उरला नव्हता. संघरचनेचे तत्त्व हे असे प्रश्न ठरविते. म्हणूनच जुन्या हंगामांच्या अभ्यासात धावफलकाइतकेच लक्ष संघाच्या नावाकडेही दिले पाहिजे.