सगळे आले का फोटोत? : उद्योगनगरीतल्या लग्नाच्या फोटोंचा आढावा

पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला कागदांची उणीव भासणार नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आल्या, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. भूसंपादनाचे निवाडे, सातबारे, कंपन्यांचे अहवाल असे सगळे दप्तरी जमा आहे. पण या काळात इथे आलेली माणसे दिसत कशी होती? चाळीच्या बोळात मांडव कसा पडायचा, गावाहून ट्रकभर वऱ्हाड कसे यायचे, कामगाराची बायको पहिल्या बोनसमधून घेतलेला कोणता दागिना घालून उभी राहायची? हे पाहायचे तर घराघरांतल्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेला लग्नाचा अल्बमच उघडावा लागतो. या शहराच्या चेहऱ्यांचे एवढे मोठे दप्तर दुसरे कुठे नाही.

ते ज्यांनी तयार केले, त्या फोटोग्राफरांच्या धंद्याचा हा आढावा. मी याच पट्ट्यात साखरपुडे आणि लग्ने टिपत आलो आहे. या कामाकडे लोकांनी हौसेचा खर्च म्हणून नव्हे, समाजाची नोंद म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

रोल मोजण्याचे दिवस

महाराष्ट्राला कॅमेरा नवा नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. सुरुवातीच्या काळातले चित्रपटकार सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर मुळात फोटोग्राफर, आणि चित्रपटांकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके यांनीही गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. पण कॅमेरा सामान्य घराच्या लग्नात पोहोचायला पुष्कळ काळ जावा लागला. आधी नवरा-नवरीच लग्नानंतर स्टुडिओत जात. रंगवलेला पडदा, खुर्चीत नवरा, शेजारी उभी नवरी असा एकच फोटो निघे आणि तो फ्रेम करून भिंतीवर लागे.

फोटोग्राफर मांडवात आला तो रोल घेऊन. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो बारा निघत, ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. रोल विकत, धुलाई विकत, प्रिंट विकत, त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करूनच काढला जाई. नवरीचे वडील आधीच बजावत, 'दोन रोलमध्ये बसवा.' मग काय घ्यायचे ते ठरलेले असे. हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, पाठवणी. आणि उरलेल्या सगळ्या जागी माणसे. मामा-मामी, आत्या, भावकी, कंपनीतले दोस्त, चाळीतले शेजारी. डोळे मिटलेला फोटोसुद्धा अल्बममध्ये लागे, कारण दुसरा नसे.

ऐंशीच्या दशकात रंगीत फोटो सर्रास झाले आणि मागोमाग व्हिडिओ कॅसेट आली. हॅलोजनचा प्रखर दिवा घेतलेला पोरगा पुढे, खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस मागे आणि दोघांच्या मागे वायर सांभाळणारा तिसरा, अशी वरात पंगतीतून फिरू लागली. त्या कॅसेटमध्ये जेवणारा प्रत्येक पाहुणा दिसे. पुढे डिजिटल आले आणि रोलची मोजदाद संपली. प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम जाऊन जाड पानांचा करिझ्मा अल्बम आला. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू बाजारात आला आणि फोटोच्याच कॅमेऱ्यातून सिनेमासारखा व्हिडिओ निघू लागला. तेव्हापासून 'कँडिड', 'सिनेमॅटिक', 'टीझर' हे शब्द आमच्या दरपत्रकात आले. २०२० साली इन्स्टाग्रामवर रील सुरू झाले. आता वरात निघण्याआधी हळदीचे रील हातात हवे असते.

पंचांग आणि शिफ्ट

आमचे वर्ष पंचांगावर चालते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की हंगाम थांबतो आणि तुळशीच्या लग्नानंतर उघडतो. मे २०२४ मध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तिथी आटल्या. २०२३ चा अधिक श्रावण आम्हाला जाणवला नाही, कारण तो चातुर्मासातच होता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मेपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे भर लग्नसराईत येतो. ज्याचा कॅमेरा हप्त्यावर आहे, त्याला हे आधी पाहून ठेवावे लागते.

इथे पंचांगाच्या जोडीला कारखान्याचे वेळापत्रक असते. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून साखरपुडा किंवा सुपारी फोडण्याचा कार्यक्रम गुरुवारी धरणारी घरे आहेत. नवरदेवाचे मित्र दुसऱ्या शिफ्टला जाणार असतील तर स्टेजवर त्यांचा नंबर आधी लावावा लागतो. पहिली शिफ्ट करून आलेला काका कंपनीच्या निळ्या शर्टावरच फेटा बांधून फोटोला उभा राहतो. त्याला कपडे बदलून या, असे मी सांगत नाही. तो शर्ट त्याच्या आयुष्याचा भाग आहे, तो फोटोत आलाच पाहिजे.

मोठ्या तिथीला मोशी, चाकण, आळंदी या पट्ट्यातले एकही मंगल कार्यालय रिकामे नसते. आळंदीचा विषय वेगळाच. माउलींच्या समाधीच्या गावात धर्मशाळांतून आणि कार्यालयांतून कमी खर्चाची लग्ने लागतात, घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या जोडप्यांचीही लागतात. अशा लग्नाला दोन-चार मित्रच असतात आणि थोडकेच फोटो निघतात, पण त्या फोटोंचे मोल मोठे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहनोंदणी करताना लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्नविधीचा फोटो लागतो. अशा लग्नातल्या मुलीच्या हातात उद्या लग्न सिद्ध करायला हा फोटोच असतो.

चातुर्मासात धंदा बंद ठेवून चालत नाही. गणपती, कंपनीतला सेवानिवृत्ती समारंभ, खंडेनवमीला यंत्रांची पूजा या सगळ्या ऑर्डर तेव्हा घ्याव्या लागतात. दरम्यान या पट्ट्यातली लग्नेही बदलत गेली. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला आला, २००९ साली फोक्सवॅगनचा. जमिनीचा मोबदला मिळालेल्या घरांत मोठे स्टेज, एलईडी भिंत, क्रेन आणि ड्रोन अशी लग्ने होऊ लागली. त्याच रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार साखरपुडा इथे हॉलमध्ये करतो आणि लग्नाला लातूर, बीड किंवा जळगावच्या गावी जातो. आम्ही दोन्हीकडे असतो. या पट्ट्यातले दोन्ही थर इतक्या जवळून पाहणारा धंदा विरळाच.

अंतरपाट खाली येताना

या कामाची कसोटी एका क्षणाला लागते. शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले की हॉलमधले सगळे मोबाइल वर होतात. गुरुजींनी धरलेला अंतरपाट, त्याच्या दोन्ही बाजूंना मामा, मागे करवल्या, आणि चारही बाजूंनी अक्षतांचा मारा. अंतरपाट खाली येतो आणि दोघे एकमेकांकडे पाहतात, तो फोटो पुन्हा काढता येत नाही. त्यासाठी जागा आधीच धरून ठेवावी लागते. पुढे उभ्या काकूंना हळूच 'मावशी, जरा अर्धं पाऊल बाजूला' सांगावे लागते, व्हिडिओवाल्याशी डोळ्यांनीच ठरवावे लागते. मागे एलईडी भिंत असेल तर तिचा जांभळा उजेड हळदीच्या चेहऱ्यावर पडून रंग बिघडतो. शटर विजेच्या लहरीशी जुळले नाही तर फोटोवर आडवे पट्टे येतात. हे सगळे डोक्यात ठेवून नजर मात्र दोघांच्या चेहऱ्यावर ठेवायची असते.

साखरपुड्याची गोष्ट वेगळी. तिथे गर्दी कमी आणि दोन घरांची ओळखही नवी. मुलीची ओटी भरली जाते, साखरेचा पुडा हातात दिला जातो, अंगठ्या घातल्या जातात. आज सगळ्यांचे लक्ष अंगठीकडे असते; मला मात्र त्या वेळचे दोन्ही आयांचे चेहरे हवे असतात. एक आई ओटीतला नारळ नीट बसला का ते पाहत असते, दुसरी आपल्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहत असते. तिथे कॅमेरा वळवायला कुणी सांगत नाही. ते फोटोग्राफरने स्वतः ओळखायचे असते.

ज्याला कमी पैसे, त्याचे काम मोठे

आजच्या दरपत्रकात कँडिड फोटोग्राफर वर असतो आणि 'ट्रॅडिशनल'वाला खाली. स्टेजच्या पायथ्याशी उभा राहून आहेर द्यायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा फोटो घेणारा तो माणूस. तासन् तास एकाच जागी उभे राहून त्याचे एकच पालुपद चालू असते, 'सगळे आले का फोटोत? आजीला पुढे घ्या, लहान मुलं खाली बसवा.' या कामात कला नाही, असा समज पसरला आहे. माझे मत नेमके उलटे आहे.

भोसरी, चिखली, चाकण इथल्या फ्लेक्सच्या दुकानात थोडा वेळ बसावे. घरात कुणी गेले की मुले मोबाइल घेऊन येतात. श्रद्धांजलीच्या फलकाला फोटो हवा असतो. आजोबांचा नीट फोटो कुठून आणायचा? तो लग्नातल्या ग्रुप फोटोतून निघतो. दुसऱ्या रांगेत, फेटा बांधून, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारे आजोबा. बाजूचे कापून तेवढा चेहरा मोठा केला जातो आणि पुढे तोच फोटो हार घालून भिंतीवर राहतो. आयुष्यभर कष्ट केलेल्या कित्येक माणसांचा स्वच्छ उजेडात, चांगल्या कपड्यांत काढलेला एकमेव फोटो कुणाच्या तरी लग्नातला असतो. तो घेणाऱ्याला दिवसभराची मजुरी मिळाली, नाव कुठेच लागले नाही.

कोविडने या फोटोंचे मोल सगळ्यांना शिकवले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी दिली. तेव्हा न आलेली माणसे फोटोत किती मोठी जागा मोकळी ठेवतात, ते दिसले. आज गर्दी परत आली, पण अल्बममध्ये पुन्हा जोडपेच जोडपे. धुरात उभे, पावसात उभे, पायऱ्यांवर बसलेले. ही हौस मी नाकारत नाही. तरुण माणसांना सुंदर दिसण्याचा हक्क आहे. पण शंभर पानांत आत्या एकदाही नसेल तर तो अल्बम अपुरा आहे.

लग्नाआधीच्या प्री-वेडिंग शूटबद्दलही हेच. पवना धरण, लोणावळा, मावळातले किल्ले इथे दर आठवड्याला जोडपी दिसतात. लोहगड केंद्र संरक्षित आहे आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे चित्रीकरणाला परवानगी लागते आणि ती घेतलीच पाहिजे. २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांत लग्नखर्चाची आचारसंहिता ठरली, तीत प्री-वेडिंग नको, असाही आग्रह होता. माझे उत्पन्न यात गुंतलेले असूनही सांगतो, कर्ज काढून प्री-वेडिंग करू नये. तो पैसा चांगल्या प्रिंटला आणि घरच्यांच्या फोटोंना लावावा.

करार, कायदा आणि कर्तव्य

हा धंदा अजूनही शब्दावर चालतो. ॲडव्हान्स घेतला, तारीख डायरीत लिहिली, झाले. भांडणे इथूनच सुरू होतात. अल्बम कधी मिळेल, मूळ फाइल मिळतील का, शेवटचा हप्ता कधी, सेकंड शूटरला पैसे कोण देणार, हे कागदावर नसते. बाहेरून बोलावलेला पोरगा, मिक्सिंग करणारा, अल्बम डिझायनर यांचे पैसे सर्वांत शेवटी निघतात. साधे एक पानाचे करारपत्र केले तर दोन्ही बाजूंची अब्रू राहते.

कायदाही माहीत हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा ग्राहक असतो. म्हणजे नवरीचा फोटो आपल्या जाहिरातीसाठी परस्पर टाकण्याचा अधिकार आम्हाला आपोआप मिळत नाही. विचारावे, लिहून घ्यावे. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि देहूरोडला लष्करी ठाणे, त्यामुळे उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहावाच लागतो.

आणखी एक जबाबदारी आहे, तिच्याबद्दल आमच्यात कमी बोलले जाते. मुलगी १८ पेक्षा लहान दिसली तर ऑर्डर घेऊ नये. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, त्याला साहाय्य करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक फोटोग्राफरच्या मोबाइलमध्ये असलाच पाहिजे. मांडवातल्या बाहेरच्या माणसांत मुलीला जवळून पाहणारे आम्ही असतो.

आता काय करावे

पेन ड्राइव्ह हरवतो, हार्ड डिस्क बंद पडते, फोनबरोबर फोटो जातात. रोलच्या काळातला चाळीस वर्षांपूर्वीचा प्रिंट आजही पाहता येतो. त्यानंतरची कॅसेट मात्र घरात असूनही चालवायला यंत्र नाही. म्हणून कुटुंबांनी तीन गोष्टी कराव्यात. लग्नाआधी घरातल्या ज्येष्ठांची यादी फोटोग्राफरला द्यावी, प्रत्येकाचा एक सरळ फोटो मागावा. निदान शंभर फोटो कागदावर छापून घ्यावेत. आणि आई-वडील आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून जुन्या ग्रुप फोटोंच्या मागे नावे लिहून घ्यावीत.

शहरानेही काही करावे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतली, पिंपरी कॅम्पातल्या निर्वासित सिंधी घरांतली, टेल्को-बजाजच्या कामगारांची, भोसरी-चाकणच्या शेतकऱ्यांची लग्ने घराघरांत पडून आहेत. महापालिकेने किंवा एखाद्या महाविद्यालयाने संमतीने ते अल्बम स्कॅन करून एक संग्रह उभा करावा. जुने स्टुडिओ बंद होत आहेत, निगेटिव्हचे डबे भंगारात जात आहेत. ते आधी वाचवावेत. जी पिढी गाव सोडून इथे आली आणि यंत्रांवर उभी राहिली, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. फोटोतल्या माणसांची नावे सांगू शकणारे शेवटचे लोक तेच आहेत. या कामाला मुहूर्त पाहायची गरज नाही. येत्या लग्नसराईत प्रत्येक फोटोग्राफरने आपल्या एका जुन्या ग्राहकाच्या घरून सुरुवात केली तरी ते मार्गी लागेल.