अनुभवाला वजन चार!

पावसाळा तोंडावर आला आहे आणि स्लॅब टाकायचा राहिला आहे. मुकादमाला विचारलं, किती दिवस? तो म्हणतो, "सगळं जुळून आलं तर 4. एरवी 6 लागतात. पावसानं गाठलं तर 14 धरा." आता मधल्या आकड्याची चौपट करा, त्यात दोन्ही टोकांचे आकडे मिळवा आणि बेरजेला 6 ने भागा. उत्तर येतं 7 दिवस.

हे 'पर्ट' पद्धतीचं सूत्र. ही पद्धत 1958 साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झाली आणि आज प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते. मला त्यातली ती चौपट फार आवडते. 'एरवी किती लागतात' हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं, ते मुकादमालाच ठाऊक असतं. गणितानं सगळ्यात जास्त वजन त्याच आकड्याला दिलं आहे.

आडव्या पट्ट्यांनी वेळापत्रक दाखवणारा गँट चार्टही असाच कामाच्या जागी जन्मला. हेन्री गँटच्या आधी, 1896 साली, कारोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्यानं तसाच तक्ता काढला होता. तो रोलिंग मिलमध्ये काम करणारा माणूस. तक्त्याला त्यानं नाव दिलं 'हार्मोनोग्राम'. पण त्यावर छापून आणलं थेट 1931 साली आणि तेही पोलिश भाषेत. तोवर गँटचं नाव जगभर झालं होतं.

आणि फ्रेडरिक ब्रूक्स? रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हा त्यांचा 1975 चा नियम. आयबीएमच्या ओएस/360 या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम स्वतः सांभाळल्यावर त्यांनी तो लिहिला.

मग नुसता अनुभव पुरतो का? इथे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचा किस्सा ऐकायलाच हवा. इस्रायलमध्ये ते काही जणांबरोबर शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. किती वेळ लागेल, ते प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. सगळ्यांचे अंदाज 2 वर्षांच्या आसपास. मग कानेमाननी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, "असं काम करणाऱ्या इतर गटांना किती लागली?" तज्ज्ञ गप्प झाला. मग म्हणाला, सुमारे 40 टक्के गटांचं काम पुरं झालंच नाही आणि ज्यांचं झालं त्यांना 7 ते 10 वर्षं लागली. हे सगळं त्याला आधीपासून माहीत होतं, तरी त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीवरही तोच 2 वर्षांच्या आसपासचा आकडा होता! पुस्तक संपायला 8 वर्षं लागली. डोक्यातला अनुभव बाहेर यायला नेमका प्रश्न लागतो आणि तो प्रश्न विचारायला शास्त्र शिकवतं.

अंदाज इतरांचेही असेच चुकतात. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध कधी संपेल? सरासरी उत्तर 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? 49 दिवस. प्रत्यक्षात लागले जवळपास 56.

आता आपल्या कोकणात येऊ. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग, 91 बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास 2000 पूल. काम सुरू झालं 1990 साली. प्रमुख ई. श्रीधरन. त्यांनी ठिकठिकाणी उलटी घड्याळं लावली. गाडी धावायला किती दिवस उरले, ते रोज दिसायचं. श्रीधरन तेव्हा नवखे नव्हते. 1964 च्या चक्रीवादळात पांबनचा पूल वाहून गेला, तेव्हा रेल्वेनं दुरुस्तीला 6 महिने धरले होते. त्यांनी तो 46 दिवसांत उभा केला.

कठीण कातळासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आणली. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर. पानवल नदीच्या दरीवर 64 मीटर उंचीचा पूल बांधायचा होता. तिथे पुलाचा वरचा भाग एका टोकाला जमिनीवर टप्प्याटप्प्यानं ओतला आणि जॅकनं पुढे पुढे ढकलत खांबांवर नेला. या पद्धतीनं बांधलेला हा देशातला पहिला रेल्वे पूल.

इथवर हिशोब जमत होता. मग गोव्यातलं पेडणे आलं. डोंगर कातळाचा नव्हे, पाण्यानं भिजलेल्या चिकणमातीचा. खोदावं आणि वरून ढासळावं, पुन्हा खोदावं, पुन्हा ढासळावं. कातळ फोडणारी यंत्रं त्या चिखलात निरुपयोगी ठरली आणि माणसांनी हातांनी, वीतवीत पुढे सरकत बोगदा काढला. मऊ मातीच्या अशा बोगद्यांनी कित्येक वर्षं खाल्ली आणि माणसंही. या मार्गासाठी जीव गमावलेल्यांचं स्मारक रत्नागिरीत आहे. गाडी तिथे थांबली की मी मनातल्या मनात हात जोडतो. अखेर 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. मूळ वेळापत्रक 5 वर्षांचं होतं, लागली 7 हून अधिक.

अनुभवाचं हे वजन प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपी या नावाजलेल्या परीक्षेला बसण्याच्या अटीतही दिसतं. चार वर्षांची पदवी असेल तर अभ्यास 35 तासांचा आणि प्रत्यक्ष प्रकल्प चालवल्याचा अनुभव 36 महिन्यांचा. पदवी नसेल तर महिने वाढतात, तास तेवढेच राहतात.

पेडण्याचा तो डोंगर अजूनही शांत नाही. जुलै 2024 मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि कोकण रेल्वेची वाहतूक अडली. मात्र या मार्गानं पावसाला आता आपल्या आखणीतच जागा दिली आहे. दरवर्षी जूनमध्ये वेगळं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्यांचा वेग उतरवला जातो, दरडीच्या जागांवर चोवीस तास पहारा बसतो. भर श्रावणात मुंबईहून मडगावला निघालात तर तिकिटावरची पोहोचण्याची वेळ बघा. त्यात पाऊस आधीच मोजलेला असतो.