उपग्रह प्रतिमा आणि घग्गरचे जुने पात्र : कालनिश्चितीचा प्रश्न

बीजसंज्ञा : सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली, पुराप्रवाह, हडप्पा संस्कृती.

प्रस्तावना :
पुरातत्त्वशास्त्रात सुदूर संवेदनाचा वापर आता नवा राहिलेला नाही. तथापि उपग्रह प्रतिमेतून नेमके काय सिद्ध होते, याविषयी विद्यार्थ्यांत आणि क्वचित अध्यापकांतही गैरसमज आढळतो. घग्गर-हाक्रा नदीच्या उदाहरणाने तो स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
हरियाणा व उत्तर राजस्थानातून जाणारी घग्गर आज मुख्यतः पावसाळ्यात वाहते. परंतु तिच्या काठी कालीबंगासारखी हडप्पाकालीन स्थळे आहेत. 1980 मध्ये यशपाल व सहकाऱ्यांनी लँडसॅट प्रतिमांच्या आधारे येथील लुप्त, रुंद पात्राचा मागोवा घेतला. जुन्या पात्रातील गाळात ओलावा टिकतो, तेथील वनस्पती अधिक जोमदार असतात आणि त्या निकट-अवरक्त किरण अधिक प्रमाणात परावर्तित करतात. त्यामुळे मिथ्यावर्णी प्रतिमेत पात्राचा लाल पट्टा उमटतो. त्याच शेतातून चालणाऱ्या माणसाला मात्र तो जाणवतही नाही. (वर्गात ही प्रतिमा दाखविली की विद्यार्थी लाल रंगालाच पाणी समजतात!)

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. प्रतिमा पात्राचा आकार व मार्ग दाखविते; ते केव्हा वाहत होते, हे सांगत नाही. हा पट्टा म्हणजेच हडप्पाकालीन महानदी, असे अनेकदा गृहीत धरले गेले. काळ ठरविण्यासाठी पात्रात छिद्रे पाडून वाळू काढावी लागते. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे प्रकाशदीप्ती पद्धतीने मोजता येते. 2017 मध्ये अजित सिंग, संजीव गुप्ता, राजीव सिन्हा प्रभृतींनी याच मार्गाने निष्कर्ष काढला की, सतलजने हे पात्र सुमारे 8000 वर्षांपूर्वीच सोडले होते; म्हणजे हडप्पाची नगरे सोडलेल्या पात्राच्या काठी वाढली. याउलट 2019 मध्ये अनिर्बन चटर्जी, ज्योतिरंजन रे प्रभृतींनी सुमारे 9000 ते 4500 वर्षांपूर्वीच्या काळात येथे बारमाही प्रवाह असल्याचे प्रतिपादन केले. पट्टा एकच, निष्कर्ष मात्र भिन्न! या मतभेदाचा निर्णय अधिक स्पष्ट प्रतिमेने होणार नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

भौगोलिक माहिती प्रणालीचे महत्त्व येथेच आहे. पात्राच्या नकाशावर वस्त्यांचे स्थान व काळ यांचे स्तर ठेवल्यास, वस्ती काठावर होती की प्रत्यक्ष पात्रात, हे पाहता येते. पात्राच्या तळावरच दीर्घकाळ वस्ती टिकली असेल, तर त्या काळी तेथून मोठी नदी वाहणे संभवत नाही. मात्र जुन्या सर्वेक्षणांतील अक्षांश-रेखांश स्थूल असल्यास एखादे स्थळ नकाशावर सहज काठावरून पात्रात जाऊन पडते. म्हणून अशा स्थळांची जागेवर जाऊन, जीपीएसद्वारे फेरनोंद आवश्यक ठरते.