बेसॉल्टच्या पठारावरून पुढे : भूशास्त्राच्या विद्यार्थ्याची शिबिरे, उमेदवारी आणि उच्चशिक्षण

पुणे किंवा नाशिक येथे भूशास्त्र शिकणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारातून कोणत्याही दिशेला शंभर किलोमीटर गेला, तरी त्याच्या हातोड्याखाली प्रायः एकच खडक येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजेच दख्खनच्या बेसॉल्टने, भारताचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग आजही व्यापलेला आहे. हे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असल्यामुळे घड्या पडलेले स्तर, खडक तुटून सरकल्याने झालेले मोठे विभंग, उष्णता व दाब यांनी पालटलेले रूपांतरित खडक आणि सागरी जीवाश्म या गोष्टी त्याला घराजवळ पाहता येत नाहीत. त्यांची ओळख पुस्तकातील आकृत्यांतून आणि प्रयोगशाळेतील नमुन्यांच्या खोक्यांतून होते. त्यामुळे क्षेत्रशिबिर हा या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमाचा कणा ठरतो.

मात्र शिबिर आणि सहल यांत भेद करणे आवश्यक आहे. बसमधून उतरायचे, प्राध्यापकांनी दाखवलेला उघडा खडक पाहायचा, नमुना फोडून पिशवीत टाकायचा आणि पुढच्या थांब्याकडे निघायचे, या क्रमाला अनेक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हटले जाते. त्यातून खडकांची ओळख होते, परंतु नकाशा करता येत नाही. नकाशा करणे म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर, किंवा तिच्या मोठ्या केलेल्या प्रतीवर, एक खडक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो ती सीमा चालत जाऊन आखणे, ब्रंटन कंपासने थराचा ‘स्ट्राइक’ म्हणजे त्याच्या पृष्ठावरील आडव्या रेषेची दिशा आणि ‘डिप’ म्हणजे त्याचा उतार मोजणे, आणि जेथे खडक मातीखाली दडलेला आहे तेथे काय असावे याचा निर्णय स्वतः घेणे. या निर्णयाची जबाबदारी विद्यार्थ्यावर पडत नाही तोवर शिबिर झाले असे म्हणता येत नाही.

अमेरिकेत ही जबाबदारी पदवीच्या अखेरच्या टप्प्यावर, साधारण पाच ते सहा आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरात सोपवली जाते. मिसुरी विद्यापीठाचे वायोमिंगमधील लँडरजवळचे शिबिर १९११ पासून आणि इंडियाना विद्यापीठाचे मोंटानातील केंद्र १९४९ पासून चालत आले आहे. रॉकी पर्वतातील बर्फ वितळल्यावरच तेथे काम करता येत असल्याने उन्हाळा हाच तेथील हंगाम आहे. शिबिराचे संचालक आपल्या उत्तम विद्यार्थ्यांची नावे अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी सुचवतात, आणि हा उपक्रम १९६५ पासून सुरू आहे. शिबिर आणि उमेदवारी यांचा असा थेट सांधा आपल्याकडे क्वचितच जुळलेला दिसतो. ब्रिटनमध्ये पदवीचा विद्यार्थी एखाद्या भागात काही आठवडे राहून स्वतंत्र नकाशा तयार करतो आणि त्याच्या पदवीत त्या नकाशाला मोठे वजन असते.

हे वेळापत्रक महाराष्ट्रात जसेच्या तसे उचलता येत नाही. मे महिन्यात नागपूर-भंडाऱ्याच्या उघड्या माळावर दिवसभर मोजणी करणे धोक्याचे असते, जूनपासून पावसाने खडक गवताखाली आणि रस्ते चिखलाखाली जातात. म्हणून देशाच्या बहुतेक भागात नकाशाकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीच्या आसपास संपतो. उन्हाळ्यासाठी मोकळा राहतो तो हिमालय. स्पितीचे खोरे पर्जन्यछायेत असल्याने जून ते सप्टेंबर या काळात तेथे काम करता येते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले थर व त्यांतील अमोनाइटचे जीवाश्म हाती लागतात. उंचीची सवय होण्यासाठी पहिले काही दिवस राखून न ठेवता आखलेले स्पितीचे शिबिर मात्र निष्काळजीपणाचे मानावे लागेल.

हिवाळी शिबिरांपैकी कच्छला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पहिला क्रम द्यावा. झुरा, जुमारा आणि कीरा येथील घुमटाकार टेकड्यांत जुरासिक काळातील सागरी खडक मध्यापासून बाहेरच्या बाजूला सर्वत्र कललेले आहेत, सर्वांत जुना थर मध्यभागी आणि नवे थर कडेला अशी त्यांची मांडणी आहे, आणि झाडोरा विरळ असल्याने प्रत्येक सीमा डोळ्यांना दिसते. पहिला नकाशा करण्यास याहून सोयीची जागा सापडणे कठीण. दुसरी जागा कर्नाटकातील चित्रदुर्ग. तेथील मरडीहळ्ळीला उशांसारख्या गोलाकार आकारांचा ‘पिलो लाव्हा’ दिसतो, जो २५० कोटी वर्षांहून जुना असून पाण्याखाली झालेल्या उद्रेकात तयार झाला. दख्खनचा लाव्हा जमिनीवर वाहिला होता. दोन्ही पाहिलेल्या विद्यार्थ्याला खडकाच्या आकारावरून उद्रेकाची परिस्थिती वाचण्याची सवय लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रशिक्षण संस्थेचे मुख्यालय हैदराबादला असून तिची क्षेत्रप्रशिक्षण केंद्रे चित्रदुर्ग आणि राजस्थानातील जावर येथे आहेत. सर्वेक्षणात नव्याने दाखल होणारे भूवैज्ञानिक तेथे नकाशाकाम शिकतात आणि वेळोवेळी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीही अभ्यासक्रम घेतले जातात.

विदर्भाला इतके दूर जाण्याची गरज नाही. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील सौसर समूहाचे खडक अनेकदा घडी पडलेले आणि रूपांतरित आहेत, आणि त्यांतच मॅंगनीजच्या खाणी आहेत. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मॅंगनीज साठ्यांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रदेशाचे सविस्तर वर्णन केले आणि मॅंगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मनसर येथे स्तर, घडी आणि धातुक या तिन्हींचा संबंध एकाच ठिकाणी दिसतो, तरीही पश्चिम महाराष्ट्रातील शिबिरे विदर्भाकडे फारशी वळत नाहीत, हे नवल आहे.

एवढे सांगूनही बेसॉल्टला कमी लेखण्याचे कारण नाही. एकसारख्या दिसणाऱ्या या थरांची रासायनिक घटकांवरून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी वर्गवारी १९८० च्या दशकात झाली, आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट तेव्हापासून जगभरच्या संशोधकांचे अभ्यासक्षेत्र बनला. दोन प्रवाहांमधील लाल मातकट थर, पोकळ्यांत झिओलाइट खनिजे भरलेला बदामी बेसॉल्ट आणि काही सेंटिमीटर लांबीचे फेल्डस्पार स्फटिक असलेले मोठ्या पट्ट्यांत सापडणारे प्रवाह यांच्या आधारे घाटात प्रवाहागणिक नकाशा करणे हे आडव्या थरांतही कसाला लावणारे काम आहे. बेसॉल्टखाली काय आहे हा प्रश्न तर भूकंपांनी पुढे आणला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे घेतलेल्या विंधनविवरात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली. कोयना परिसरात, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे मूळ समजून घेण्यासाठी, तीन किलोमीटर खोलीचे विवर घेण्यात आले आणि या कामासाठी कऱ्हाडजवळ केंद्र शासनाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली.

मे आणि जून हे महिने मुख्यतः उमेदवारीचे, म्हणजेच इंटर्नशिपचे असतात. देशातील तीन विज्ञान अकादम्यांची एकत्रित उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती साधारण दोन महिन्यांची असून तीत विद्यार्थी एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करतो. त्याखेरीज हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, देहरादूनची वाडिया संस्था, लखनौची बीरबल साहनी संस्था, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे थेट विचारणा करता येते. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. गोव्यातील विद्यार्थ्यांचा कल एके काळी लोहखनिजाच्या खाणींकडे असे, परंतु २०१२ मधील बंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ खाणपट्टे यांनंतर समुद्रशास्त्र हाच अधिक भरवशाचा मार्ग दिसतो.

खाणीतील उमेदवारीची गोष्ट वेगळी आहे. १९५२ च्या खाण कायद्यामुळे स्त्रियांना भूमिगत कामावर नेमता येत नसे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळात, ही मुभा दिली. विद्यार्थिनींनी जुन्या समजुतीवर विसंबून भूमिगत खाणींचे अर्ज टाळू नयेत. भूजलाकडेही पुरेसे लक्ष जात नाही. कठीण बेसॉल्टमध्ये पाणी केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठत असल्याने विहिरींची मोजणी व भूजलाचा नकाशा ही राज्याची सततची गरज आहे, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा किंवा पुण्याची ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था यांच्याकडील काम शिकणाऱ्याला थेट गावाच्या प्रश्नाशी जोडते.

पदवीनंतर ‘जॅम’ या सामाईक परीक्षेतून मुंबई, रुरकी, खरगपूर आणि धनबाद येथील संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. पीएच.डी.साठी ‘गेट’ किंवा ‘नेट’ उपयोगी पडतात, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांतील पदे संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भरली जातात. २०२० पासून ती पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते. या परीक्षांच्या लेखी उत्तरपत्रिकेत नकाशा करण्याची क्षमता थेट तपासली जात नाही, आणि शिकवणी वर्गांनी क्षेत्रकार्याला दुय्यम ठरवण्याचे हे एक कारण आहे. परदेशी विद्यापीठातील प्राध्यापक मात्र अर्जदाराला आधी त्याने स्वतः केलेले काम विचारतो, कारण अमेरिकेतील पीएच.डी.चा खर्च बहुधा त्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून किंवा विभागाच्या अध्यापन-साहाय्यातून निघतो.

जॅमची नोंदणी प्रायः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, अमेरिकी विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, आणि नकाशाकामाचा हंगाम याच काळात सुरू होतो. येत्या मेमध्ये एखाद्या संस्थेत जागा हवी असलेल्या विद्यार्थ्याने विचारणेचे पत्र मार्चपर्यंत लांबवू नये. फराळाचे दिवस सरताच ते पाठवावे, आणि गुणपत्रिकेबरोबर स्वतः आखलेल्या नकाशाची प्रत जोडावी.